मागच्या ओट्याची परवानगी

१९४५ सालच्या एप्रिलमध्ये खालापूर महालाच्या, म्हणजे छोट्या तालुक्याच्या, कचेरीत टपालाने एक निनावी अर्ज आला. आमच्या गावातले महादू ठोंबरे यांनी घराच्या मागच्या अंगाला लाकडी ओटा बांधायची परवानगी मागितली होती. ती देऊ नये, असं त्या अर्जात लिहिलं होतं. कारणं अशी दिली होती: ओट्याखाली येणारी जागा सरकारी पड आहे. लाकूड रेल्वेच्या मालातून चोरलेलं आहे. आणि ओटा जमिनीपासून दोन हात उंच ठेवायचा आहे तो त्याच्या पोकळीत भात लपवण्यासाठी.

तो अर्ज मी लिहिला होता.

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, ती शेवटच्या दुखण्यात असतानाही नाही. एकदोनदा तोंडापर्यंत आलं होतं – पण मग मी दुसरंच काही बोललो. आता तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही महादूला ओळखत नाही. ओळखणाऱ्याला सांगणं मला जमलं नाही, हेही यात धरा.

मी बातमीदार होतो. मुंबईच्या एका दैनिकात सात वर्षं बातम्यांच्या टेबलावर काम केलं. लढाईत कागदावर नियंत्रण आलं, पानं कमी झाली, माणसं कमी झाली, आणि मी गावी परतून कर्जत-खालापूरच्या बातम्या पाठवू लागलो. टेबलावर मला एकच गोष्ट शिकवली होती – ऐकलेलं लिहू नका, पाहिलेलं लिहा. कोण, काय, कधी, कुठे. मी शेजाऱ्याविषयी जे टिपून ठेवलं त्यातलं एकही वाक्य ऐकीव नव्हतं. सगळं पाहिलेलं होतं. पाहिलेलं सगळं खरंच होतं. मग चूक कुठे झाली? हा प्रश्न मी बरीच वर्षं स्वतःला विचारत राहिलो, जणू ती चूक होती.

महादूचं आणि माझं, अशी आमची दोन घरं गावठाणाच्या कडेला, शेवटची. मागे थोडी पड जमीन आणि पुढे ओढा. दोन्ही परसांच्या मध्ये निरगुडीचं कुंपण, आणि त्या कुंपणात एक वाट – माणूस अंग तिरकं करून जाईल एवढी. त्या वाटेने महादूच्या बायकोची, वहिनींची, तांदळाची भाकरी आमच्याकडे यायची आणि आमच्याकडून वाचून झालेला पेपर तिकडे जायचा. महादू माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. कर्जतच्या रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचा कामगार. पाताळगंगेत मला पोहायला त्यानेच शिकवलं. मी त्याला महादूदा म्हणायचो.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत त्याची मुलगी येसू कळंबहून, सासरहून आली. लग्नाला दोन वर्षं झाली होती. माहेरपणाला आली, असं वहिनींनी सांगितलं. आठ दिवसांत कुंपणातली वाट काट्या टाकून बंद झाली. माझ्या बायकोने विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, "शेळ्या शिरत्यात गं." आमच्याकडे शेळ्या नव्हत्या. त्यांच्याकडेही नव्हत्या.

हे मी वहीत लिहिलं. तारखेसकट.

मग लिहीतच गेलो. आतल्या खोलीच्या खिडकीला गोणपाट लावलं. येसू विहिरीवर येत नाही, देवळात येत नाही. दर रविवारी सकाळी कर्जतकडून एक माणूस येतो, हातात काळी पिशवी, अर्ध्या तासाने मागच्या दाराने जातो. महादू पूर्वी कामावरून आला की आमच्या अंगणात बसायचा, आता सरळ घरात जातो. मला काय वाटलं असेल? त्या दिवसांत पिकलेल्या भातातला ठरलेला हिस्सा सरकारात भरावा लागे, त्याला लेव्ही म्हणत. लेव्ही चुकवून दडवलेलं भात काळ्या बाजारात जाई. मीच महिन्यातून एखादी तसली बातमी पाठवत होतो – कुणाच्या गवताच्या गंजीत पोती सापडली, कुणाच्या माळ्यावर. महादूचं शेत लहान होतं, पण होतं. बंद खिडकी, पिशवीवाला माणूस, बुजवलेली वाट. बातमी डोळ्यांसमोर उभी होती. आणि खरं सांगू? मला कुणी काही सांगत नव्हतं, याचा मला राग आला होता. तो राग वहीत कुठेही लिहिलेला नाही.

मार्चमध्ये बैलगाडीतून रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर आले. महादूने ते रेल्वेच्या लिलावात घेतले होते. त्याने परवानगीचा अर्ज केला, तलाठ्याने चावडीवर नोटीस चिकटवली. पंधरा दिवसांत कुणाची हरकत असल्यास कळवावी. लगतच्या शेजाऱ्याची सही वेगळी लागायची. एका सकाळी महादू कागद घेऊन माझ्याकडे आला. पुढच्या दाराने.

"वसंता, हितं सही कर रं. हरकत नाय म्हणून."

"मागच्या अंगाला कशाला ओटा, महादूदा? तिकडं कोण बसणार?"

"हवा लागंल वाईच."

"पुढं हवा नाही?"

"पुढं माणसं बसत्यात," तो म्हणाला. मग कागद पुढे करून, "सही कर. तलाठी खोळंबलाय."

आमच्याकडे ओटा घराच्या पुढे असतो. दगडमातीचा, सारवलेला. येणाऱ्याजाणाऱ्याने टेकावं, पान खावं, चार गोष्टी कराव्यात, यासाठीच तो असतो. माणसं बसतात म्हणून पुढचा ओटा नको – असं म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. तो गेल्यावर ते वाक्य मी वहीत घातलं आणि त्याखाली रेघ ओढली.

पण त्याआधी मी सही केली होती. हरकत नाही. पूर्ण नाव, खाली तारीख. नोटिशीची मुदत अजून संपलेली नव्हती. मला हरकत होती तर चावडीवर जाऊन नावानिशी नोंदवता आली असती. तलाठ्याने ती लिहून घेतली असती, महादूने उत्तर दिलं असतं – कदाचित मला बाजूला घेऊन खरं कारणही सांगितलं असतं. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. मग का नाही केलं? कारण महादू मला समोर भेटणार होता. रोज.

निनावी अर्ज मी दोन दिवसांनी लिहिला. गावात लिहिता येणारे बहुतेक मोडीत लिहायचे. मी बाळबोध लिहायचो, कारण छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या पेपरच्या जुळाऱ्यांना मोडी चालत नसे. माझं अक्षर कचेरीत माहीत असेल म्हणून मी टाक बाजूला ठेवला आणि बोरूने, मोठ्या अक्षरात लिहिलं. पाकीट गावात न टाकता कर्जत स्टेशनच्या पेटीत टाकलं. येताना मला हलकं वाटलं, हे आठवतं. त्याच दुपारी मी बातमीही लिहून ठेवली – 'लाकडी ओट्याखाली भाताचा साठा'. पोत्यांचा आकडा तेवढा कोरा सोडला.

तपासणी मे महिन्यात झाली. महसूल खात्याचे सर्कल साहेब शिपाई घेऊन आले. अंगणातले स्लीपर एकावर एक रचून दोरीने बांधले आणि गाठीवर लाखेचं सील ठोकलं. महादूने लिलावाची पावती दाखवली. पावती खरी का ते रेल्वेकडून लेखी येईपर्यंत माल हलवायचा नाही, असं ठरलं. मग घर बघायचं. घराबाहेर माणसं जमली होती. पंच कोण? पोलीस पाटील एक. दुसरा म्हणून साहेबांनी मला बोलावलं – शेजारी, शिकलेला, पेपरात लिहिणारा.

मी नाही म्हणू शकलो असतो. पंच व्हायला कुणी जबरदस्ती करत नाही.

शिपायाने लोखंडी सळई जमिनीत खुपसून पाहिली. कणगीत होतं ते भात मोजलं. ते ठरल्यापेक्षा जास्त नव्हतं. राहिली आतली खोली. वहिनी दारात उभ्या राहिल्या. "सायब, आत बायमाणूस हाय." साहेब बरे गृहस्थ होते. ते उंबऱ्याशी थांबले आणि मला म्हणाले, तुम्ही घरच्यासारखे, तुम्ही बघून या.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि वाट दिली. त्यांना बरंच वाटलं असावं, परका माणूस आत जात नाही म्हणून.

खोलीत अंधार होता. फिनेलचा वास. येसू बाजेवर पडलेली होती. बाजेखाली राख घातलेलं एक मडकं, वर झाकण. ती इतकी वाळली होती की आधी मला अंगावरचं पांघरूणच दिसलं. तिने मान वळवली. "काका, तुमी व्हय?" आणि मग घाईने, "वाईच लांब उभं ऱ्हावा."

मी लांबच होतो.

बाहेर येऊन मी सांगितलं – भात नाही. पंचनाम्यात तेवढंच लिहिलं गेलं.

संध्याकाळी महादू आला. त्याने सगळं सांगितलं, आता लपवून उपयोग नाही म्हणून. मुलीला क्षय झाला होता. रविवारचा माणूस शेडच्या दवाखान्यातला कंपाउंडर. औषधाचा फारसा उपयोग नाही, रात्रंदिवस उघड्या हवेत ठेवा, ओल आणि धूर लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून ओटा. जमिनीची ओल लागू नये म्हणून उंच, दगडमातीचा नको म्हणून लाकडाचा, आणि गावाला दिसू नये म्हणून मागे. गावाला कळलं की कळंबला कळणार. कळंबला कळलं की नवरा दुसरी करणार. पावसाआधी ओटा उभा राहिला पाहिजे होता, वर झावळ्यांच्या झापांचं छप्पर घालून. त्यासाठीच त्याने मार्चपासून धावपळ केली होती.

मग तो म्हणाला, "त्या अर्जाला जबाब द्यायचाय. तूच लिव रं. तुझं लिवणं सायब वाचतो."

मी लिहिला. माझ्याच आरोपांना मी एकेक करून उत्तर दिलं. पावतीचा उल्लेख, तपासणीत काही न सापडल्याचा उल्लेख, जागेचं मोजमाप. आजाराचं लिहू नको, असं महादूने बजावलं होतं, ते लिहिलं नाही. त्यामुळे जबाबात ओट्याचं कारण असं काही राहिलंच नाही – हवेसाठी, एवढंच. उत्तम जबाब होता तो, आणि दुबळा. मला ठाऊक होतं की एका वाक्याने सगळं संपलं असतं: सदर अर्ज मी लिहिला, माझ्याकडे पुरावा नाही, तो रद्द समजावा. खाली सही. स्लीपर आठवड्याभरात सुटले असते. महादू समोर कंदील धरून बसला होता. मी ते वाक्य लिहिलं नाही. कागद वाळवला आणि त्याच्या हातात दिला.

तीन आठवड्यांनी कळंबहून एक बैलगाडी आली. तपासणीच्या दिवशी बाहेर जमलेल्यांपैकी कुणाच्या तोंडून तिकडे बातमी गेली, ते मला ठाऊक नाही. गाडीवानाने येसूची लग्नातली पेटी पुढच्या ओट्यावर ठेवली आणि पाणीही न पिता तो परत गेला.

पाऊस लागला. सील केलेले स्लीपर अंगणात भिजत राहिले. येसू आत, गोणपाटाआड. आणि चावडीवर एकच विषय – अर्ज कुणी लिहिला? साहेबांच्या शिपायाकडून एवढं बाहेर आलं होतं की अक्षर बाळबोध आहे, वळणदार, बोरूचं. असं लिहिणारे आमच्या भागात दोघे. एक मी. दुसरे इस्माईल मास्तर – शाळेतून निवृत्त झालेले, खालापूरला कचेरीबाहेर वडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिणारे. बोरू ते नेहमीच वापरत. ते मला माहीत होतं का, बोरू उचलताना? पुष्कळदा मी स्वतःला सांगितलं आहे, की नव्हतं. पण मी बातमीदार होतो. कोण कशाने लिहितो ते मला माहीत होतं.

चावडीवर एकाने माझंही नाव घेतलं, थट्टेत. "काय रं वसंता, तू तर नाय नं?" त्यावर पोलीस पाटलांनीच उत्तर दिलं, "ह्याला लिवायचं असतं तर ह्यानं छापून टाकलं असतं की. पेपरवाला कशाला चोरून लिवंल?" सगळे हसले. महादूही हसला, बऱ्याच दिवसांनी.

मी पण हसलो.

मास्तरांकडे जाणारी माणसं कमी होत गेली. पावसाच्या मधल्या उघडिपीत ते छत्री घेऊन माझ्याकडे आले. बसले नाहीत. त्यांचं म्हणणं साधं होतं. ते जो अर्ज लिहीत त्याच्या खाली, कोपऱ्यात, 'लिहिणार इस्माईल' असं घालत. नाव न घालता त्यांनी आयुष्यात कागद लिहिला नव्हता. मी अक्षरांतला जाणता, महादूचा शेजारी, आणि पंच. मी कचेरीत जाऊन तो अर्ज पाहावा आणि अक्षर त्यांचं नाही, एवढं चावडीवर सांगावं. "माझ्यासाठी नाही हो, वसंतराव. उद्या खरोखर कुणाला अर्जाची गरज लागली, तर तो यायला घाबरेल."

मी म्हणालो, बघतो. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले, तेव्हा मी सांगितलं की अर्ज पाहिला, अक्षराविषयी खात्रीने सांगता येत नाही.

मी कचेरीत गेलोच नव्हतो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं का? मला तेव्हा वाटलं कळलं, पुढे वाटलं नाही. आजही सांगता येत नाही. त्यांनी छत्री उघडली आणि म्हणाले, "ठीक आहे." दसऱ्यानंतर ते वडाखाली बसायचे थांबले. दोन वर्षांनी वारले. मी गेलो होतो, मातीला.

परवानगी भाद्रपदात आली. रेल्वेचं उत्तर आलं होतं, पावती खरी ठरली होती, सील काढलं. पण जागा सरकारी असल्याचा आरोप राहिला होता, आणि तो तेवढा खरा होता. ओट्याची कडा हातभर पड जमिनीत येत होती. असल्या हातभराकडे आमच्याकडे कुणी बघत नसे. माझ्या अर्जानंतर बघणं भाग होतं. म्हणून परवानगी एका वर्षापुरती, तात्पुरती, मुदतीनंतर बांधकाम स्वखर्चाने काढून घेण्याच्या अटीवर मिळाली.

महादूने पाऊस उघडायची वाट पाहून ओटा उभा केला. मी स्लीपर उचलायला गेलो होतो. कुंपणातल्या काट्या वहिनींनी स्वतः काढल्या, मला यायला सोपं जावं म्हणून.

येसू ऑक्टोबरपासून त्या ओट्यावर होती. माझ्या खिडकीतून ती दिसायची. पेपर आला की मी कुंपणाशी उभा राहून तिला वाचून दाखवायचो, तिला बातम्यांपेक्षा जाहिराती ऐकायला आवडत. एकदा वाचता वाचता तिने विचारलं, "काका, तो अर्ज मास्तरांनी नाय लिवला. त्यांनी मला शिकवलंय. मग कुनी लिवला असंल?"

"असेल कुणीतरी," मी म्हणालो. आणि पुढची जाहिरात वाचली.

ती माघात गेली. ओटा मे महिन्यात झाला असता तर ती जगली असती का? कंपाउंडर म्हणायचा, क्षयाने दोन्ही फुप्फुसं धरलेली होती. ते खरं असेल. मी ते माझ्या बाजूने मांडत नाही. मेपासून पुढचे पाच महिने ती गोणपाटाआड पडून होती, एवढं मला तारखांसकट माहीत आहे.

महादूने मला कधी काही विचारलं नाही. त्याने अखेरपर्यंत इस्माईल मास्तरांचा संशय धरला. मी तो धरू दिला.

१९४६ च्या सप्टेंबरात परवानगीची मुदत संपली. तलाठी आला. महादूने एका दिवसात ओटा उतरवला आणि खांबांचे खड्डे मातीने भरले. जागा मोकळी असून तिच्यावर कसलंही बांधकाम नाही, असा पंचनामा झाला. पंच म्हणून त्यावर मी सही केली.